खाली बसणारी जीप

बशीर मिस्त्रीच्या नाकावर राग असतो, असं ब्रह्मपुरीत सगळेच म्हणायचे. मी म्हणते, नाकावर नाही, हातात असायचा. पाना उचलला की राग उचलला. "गिअर असा टाकते का बे? भातात चाटू फिरवून राह्यला का?" असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायचा आणि गिऱ्हाईक मुकाट ऐकून घ्यायचं. कारण वडसा रोडवरच्या त्याच्या टिनाच्या शेडमधून बाहेर पडलेली गाडी त्याच दुखण्यासाठी दुसऱ्यांदा परत येत नसे. मला रागीट माणसं आवडतात. मी स्वतः त्यातलीच. माझं नुकसान आजवर ज्यांनी केलं ते सगळे शांत आवाजात बोलणारे होते.

मी साधना. त्या वेळी एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात नर्स होते. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगितलं तर उगाच तिला पुण्य लागेल. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही वैनगंगा ओलांडून कुरखेडा-धानोऱ्याकडच्या आतल्या गावांत जायचो. गाडी होती परदेशातल्या कुणा भल्या डॉक्टरनं वापरून झाल्यावर देणगी दिलेली मोठी जीप. या जीपला मागं पाटे नव्हते, पुढं स्प्रिंगा नव्हत्या. चारी चाकांवर जाड रबराचे फुगे होते आणि त्यांत हवा भरणारा एक छोटा पंप. बटण दाबलं की गाडी नाला ओलांडायला टाचा उंचावून उभी राहायची, पलीकडं गेली की परत खाली. पहिल्या वर्षी ते बघायला गावंच्या गावं गोळा व्हायची.

ती चालवायचा इस्तारी. तलावाकाठच्या ढिवर घरातला, जाळं टाकता टाकता ड्रायव्हिंग शिकलेला. सहा वर्षांत त्यानं कोंबडीसुद्धा चेंगरली नव्हती. गाडीत फक्त संस्थेची माणसं बसतील असा नियम होता. नियम करणारे कधी भर दुपारी जंगलातल्या रस्त्यावर तापलेलं लेकरू काखेत घेऊन उभे राहिले नव्हते. आम्ही परतताना रस्त्यात हात दाखवणाऱ्याला घ्यायचो. बाळंतीण, म्हातारा, कधी कधी नऊ-दहा जण. इस्तारी माझ्याकडं बघायचा, मी म्हणायची, "घे रे." मग तो घ्यायचा. प्रत्येक वेळी मीच म्हणायची, हे इथंच सांगून टाकते.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर गाडी खाली बसायला लागली. रात्री सरळ उभी केलेली, सकाळी मागच्या डाव्या अंगाला कललेली. इंजिन सुरू केलं की पंप घरघरायचा आणि हळूहळू उचलायचा. पुढं पुढं घरघर वाढली आणि उचलणं कमी झालं. एका शुक्रवारी धानोऱ्याच्या पलीकडं ती बसली ती बसलीच. इस्तारीनं साठ किलोमीटर बैलगाडीच्या चालीनं ती परत आणली. प्रत्येक खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटत होतं आणि लसीच्या बाटल्या फुटत होत्या.

संस्थेचे सचिव श्रीहरी सर. निवृत्त मुख्याध्यापक. चौकशी म्हटलं की या माणसाला भूक लागायची. नागपूरच्या कुठल्याशा गॅरेजचा माणूस आला, त्यानं वाकूनसुद्धा बघितलं नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "ओव्हरलोड." उचलली जीभ लावली टाळ्याला. सरांना एवढंच हवं होतं. त्यांनी इस्तारीला उभं केलं आणि मला बोलावून विचारलं, "सिस्टर, हा जादा माणसं बसवायचा का?"

मी म्हणाले, "सर, माझं लक्ष औषधांच्या पेटीकडं असतं."

हे मी म्हणाले. कुणी धमकावलं नव्हतं. नोकरीत कायम व्हायची माझी फाईल त्या महिन्यात सरांच्या टेबलावर होती, एवढंच. इस्तारी समोर उभा होता. त्यानं माझं नाव घेतलं नाही. "हाव, मीच बसवत होतो," म्हणाला. सरांनी त्याला त्याच दिवशी घरी बसवलं आणि महिनाअखेरच्या बैठकीत कायमचं काढायचं ठरवलं. त्याचा दाखलाही तसाच लिहिणार होते, गाडीची नासधूस केली म्हणून. तसा दाखला घेऊन त्याला ब्रह्मपुरीतच काय, चंद्रपुरातही कुणी स्टिअरिंगला हात लावू दिला नसता. तो परत तलावावर जाळं टाकायला लागला.

मला झोप लागेना. लागू नयेच. पण सरांकडं जाऊन खरं सांगायचं सोडून मी पळवाट शोधली. म्हटलं, गाडी वजनानं बिघडलीच नाही असं निघालं तर? मग मला काहीच बोलावं लागणार नाही. मी सरांना सुचवलं की गाडी बशीर मिस्त्रीला दाखवू. सर लगेच तयार झाले. त्यांना वाटलं, इथल्या मिस्त्रीकडून 'ओव्हरलोड' एवढा एक शब्द लिहून मिळाला की कागद पक्का होतो. तसं पत्रच त्यांनी माझ्याजवळ दिलं.

ट्रॅक्टरला बांधून जीप शेडवर नेली. बशीरभाईनं मुलीकडून, निशातकडून, पत्र वाचून घेतलं आणि ते ग्रीसच्या डब्यावर फेकलं.

"गाडी पाहाच्या पैले रोग लिहून आणला! डॉक्टर असा करते का बाई? तुमीच सांगा."

"म्हणून तर तुमच्याकडं आणली भाऊ."

"लोकं बसत होते का?"

"बसत होते. मीच बसवायची."

"सरले सांगतलं?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यानं लुंगीला हात पुसले आणि म्हणाला, "मंग माह्याकडं कायले आल्या? मी गाडीचा मिस्त्री आहो."

असा अपमान माझा आजवर कुणी केला नाही. मी तिथंच उभी राहिले, कारण जायला जागा नव्हती. आणि तो कामाला लागला, कारण गाडी समोर होती. बशीरभाईचं शिक्षण बल्लारपूरकडं बांबूचे ट्रक दुरुस्त करण्यात झालेलं. त्या ट्रकांचे ब्रेक हवेवर चालतात. "हवा कुठीबी जात नाई," तो म्हणायचा, "आपुनच तिले वाट देतो."

पहिल्या दिवशी त्यानं पान्याला हात लावला नाही. शेजारच्या राईस मिलचं धान वाळवायचं सिमेंटचं खळं आहे, पाण्याच्या सपाटीसारखं सपाट. जीप ढकलत तिथं नेली. पंपानं भरेना तेव्हा ट्रकच्या टायरची हवा देऊन चारी फुगे भरले. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर वितीनं आणि बोटांनी मोजून खडूनं पत्र्यावरच लिहिलं. सकाळी परत मोजलं. पुढची दोन्ही जागची हलली नव्हती. मागचं उजवं दोन बोटं खाली, मागचं डावं वीतभर.

"वजनानं बसली असती तं रिकामी उभी असताना काऊन बसते?" तो कुणालाच उद्देशून ओरडला नाही, सगळ्यांनाच उद्देशून ओरडला. "रिकामी गाडी, रातभर! त्या नागपूरवाल्याले आना इथी, त्याच्या कानाखाली..."

मग रिठ्याचा फेस. वाटीत रिठे कुस्करून, जुन्या दाढीच्या ब्रशनं त्यानं नळीच्या प्रत्येक जोडावर फेस लावला. कुठं बुडबुडा नाही. मग हवा वाटून देणारी जी पेटी होती, तिच्यातल्या डाव्या-उजव्या नळ्या त्यानं अदलाबदल करून लावल्या. दोष पेटीत असता तर आता उजवी बाजू जास्त बसली असती. दुसऱ्या सकाळी बघितलं, बसली ती डावीच. म्हणजे पेटी साफ, नळ्या साफ. राहिला फुगा.

पण फुग्याला फेस लावला तर तिथंही काही नाही. बशीरभाई भडकला. ब्रश फेकला, परत उचलून आणला. गाडीखाली पालथा पडून अर्धा तास नुसता बघत राहिला. मग जॅक लावून त्यानं गाडीचं धूड उचललं, इतकं की चाक खाली लोंबायला लागलं आणि फुगा ताणला गेला. एरवी खालच्या बाजूला जी घडी आत दुमडलेली राहते ती उघडी पडली. तिथं फेस लावला. रटरटणाऱ्या भातावर येतात तसे बारीक बारीक बुडबुडे आले, ओळीनं.

"सापडलं!" मी ओरडले. खरंच ओरडले. "म्हणजे वजनानं नाही ना भाऊ?"

"वजनानं फाटते तं कोरडं फाटते." त्यानं घडीत बोट घातलं. "हे पाहा. हे फाटलं नाई, सडलं."

बोट काळं झालं होतं, डिंक लागल्यासारखं चिकट. रबर सुजून मऊ पडलं होतं. नखानं ओरखडलं तर पापुद्रा सुटून आतला दोरा दिसायला लागला, आणि चिकट्यात बसलेली धूळ तो दोरा घासत होती. बशीरभाईनं बोट नाकाशी नेलं आणि तो तसाच थांबला. निशातला म्हणाला, गाडीच्या खणातलं पुस्तक आन.

ते इंग्रजी पुस्तक सहा वर्षं त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. आम्ही कुणीच उघडलं नव्हतं. निशात कॉलेजात शिकत होती. तिनं फुग्याचं पान काढलं आणि वाचून मराठीत सांगायला लागली. फुगा कसा धुवायचा, केव्हा बदलायचा. मग मध्येच बोट पानात ठेवून तिनं पुस्तक मिटलं.

"पुढं वाच."

"अब्बा, रहने दो ना."

"वाच म्हणलं ना बे!"

तिनं वाचलं. गाडीखाली तेल किंवा डिझेल फवारू नये, फुग्याचं रबर खराब होतं.

आमच्याकडं मृगाच्या आधी सगळ्या जीपा आणि ट्रक बशीरभाईच्या शेडसमोर रांग लावायचे. इंजिनातून काढलेलं काळं तेल डिझेलमध्ये पातळ करून तो ते दाबानं गाडीच्या पोटाखाली फवारायचा. चिखलानं लोखंड गंजत नाही, पाटे कुरकुरत नाहीत. पाटे असलेल्या गाडीला ते औषध आहे. आमची जीपही दोन उन्हाळे इस्तारी तिथं घेऊन गेला होता, कारण बशीरभाईनंच निरोप पाठवला होता. दवाखान्याची गाडी म्हणून तो त्याचं काही घ्यायचा नाही. उलट इतरांना एक हात, तर हिला दोन. मागच्या डाव्या कोपऱ्यात चिखल जास्त बसतो म्हणून तिथं आणखी एक. पुढच्या फुग्यांना पत्र्याचा आडोसा होता, ते वाचले.

तो खाटेवर बसला. त्याचा राग कुठं गेला, कुणास ठाऊक. मला त्याची कीव आली आणि म्हणून मी जे बोलले ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"भाऊ, तेलाचं कशाला सांगता? रबर जुनं झालं म्हणा. गाडी जुनीच आहे."

मग त्याचा राग परत आला. जागच्या जागी उठला, खाट उलटी झाली.

"जुनं म्हणू? मंग तुमचा सर काय म्हणन? जुनं होतं तं त्याच्यावर दहा माणसं काऊन बसवले! इस्तारीच्याच माथ्यावर ना? तुमाले सुटाचं आहे, मले सुटाचं आहे, अन् त्यानं जाळं ओढावं! तेल म्हणलं तरच तो सुटते बाई. दुसऱ्या कोणत्याच शब्दानं नाई सुटत."

त्याचं बरोबर होतं. मी दोन दिवस डोकं खाजवून जे शोधत होते ते त्यानं एका दमात मोडून काढलं.

मागचे दोन्ही फुगे मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्यानं स्वतः मागवले. ते येईपर्यंत गाडीचं पोट साबणाच्या गरम पाण्यानं तीनदा धुतलं, डिझेलचा बोळासुद्धा जवळ येऊ दिला नाही. रात्रंदिवस पळून पंपाची रिंग झिजली होती, तीही बदलली. नवे फुगे बसवून गाडी परत राईस मिलच्या खळ्यावर उभी केली. चार सकाळी मोजली. खडूची रेघ आणि पत्रा, बोटाचाही फरक नाही. उत्तर लिहून द्यायला त्यानं सरांचं पत्र आणायला सांगितलं, तर ते ग्रीसनं भिजून गेलेलं. "मंग मीच येतो," म्हणाला.

बैठकीच्या दिवशी तो धुतलेला पांढरा कुर्ता घालून आला आणि हातात तो सडका फुगा. सरांच्या टेबलावर, नीट लावलेल्या कागदांवर, त्यानं तो ठेवला. कागद काळे झाले.

"गाडी यानं बिघडली. अन् हे मी केलं. दोन साल तेल मारलं. इस्तारी नाई म्हणत होता, मीच बोलावलं. पुस्तकात लिहून आहे, मारू नका. मी पुस्तक पाह्यलं नाई."

सर चष्मा काढून म्हणाले, "हे तुम्ही लिहून द्याल?"

"आना कागद."

निशातनं लिहिलं, त्यानं सही केली. एकेक अक्षर दाबून. सर शांत आवाजात म्हणाले, "अशा अडाणी माणसाच्या हाती संस्थेची मालमत्ता दिली ही आमचीच चूक. यापुढं संस्थेची एकही गाडी तुमच्याकडं येणार नाही. आणि हे इतर कार्यालयांनाही कळवणं माझं कर्तव्य आहे." सरांनी स्वतः तरी ते पुस्तक कधी उघडलं होतं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

"कळवा," बशीरभाई म्हणाला. "इस्तारीले आजच बोलवा."

तेव्हा मी उभी राहिले. म्हणाले, "सर, माणसं मी बसवत होते. इस्तारीला मीच सांगायची."

सरांनी माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. "राहू द्या सिस्टर. विषय मिटला आहे." खरं बोलायला मी अशी वेळ काढली, जेव्हा त्याची कुणाला गरज उरली नव्हती. पुढच्या आठवड्यात मी कायम झाले.

सरांनी कर्तव्य केलं. दोन-तीन कार्यालयांच्या जीपा शेडवर यायच्या बंद झाल्या. चौकातली टवाळ पोरं ओरडायची, "बशीरभाई, तेल मारता का?" तो पाना घेऊन मागं धावायचा. पण मृगाच्या आधी आलेल्या प्रत्येक गाडीखाली तो आता आधी स्वतः पालथा पडून बघायचा, आणि ड्रायव्हरला बजावायचा, "पाटे असन तं तेल, फुगा असन तं साबण. कोणी दुसरं सांगन तं माह्याकडं पाठव." आपली चूक तो स्वतःच गावभर सांगत फिरला, मोठ्या आवाजात, शिव्या देत. मला ते ऐकवत नसे. मी बाजाराला जाताना रस्ता बदलायची.

इस्तारीकडं तो सगळ्यांत आधी गेला होता, बैठकीच्याही आधी. इस्तारीला परत कामावर घेतल्याचं संस्थेचं पत्र घेऊन मी गेले तेव्हा त्याची बायको रंभा तलावाच्या पाळीवर मासे निवडत होती. ती म्हणाली, "बशीरभाऊ आले होते. इथी बसून रडले." मग तिनं पत्र घेतलं आणि पाटी उचलून घरात गेली. मला बस म्हणाली नाही.

इस्तारी मंगळवारी कामावर आला. गाडी पुसली, पेटी चढवली. जीप पहिल्या वर्षीसारखी सरळ चालत होती. परतताना धानोऱ्याच्या अलीकडं एक म्हातारी रस्त्यावर उभी होती, पाय सुजलेले, सोबत सून आणि सुनेच्या कडेवर लेकरू. तिनं हात केला. इस्तारीनं गाडी हळू केली आणि सवयीनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "घे रे."

त्यानं गाडी थांबवली. दार उघडलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"लिहून द्या बाई," तो म्हणाला. "बशीरभाऊनं देल्लं ना."

म्हातारी काचेवर हात ठेवून उभी होती. मी औषधाच्या चिठ्ठ्यांचं पॅड काढलं आणि लिहिलं की या तिघांना माझ्या सांगण्यावरून गाडीत घेतलं आहे. तारीख टाकली, सही केली. इस्तारीनं ती चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात घातली आणि मग खाली उतरून मागचं दार उघडलं.